जुन्याच बोल्टांवर बसवलेलं फ्लायव्हील

फेब्रुवारीतली सकाळ होती. बाईंनी गाडी गॅरेजच्या दारात आणली, इंजिन चालूच ठेवलं, काच खाली केली आणि एवढंच म्हणाल्या, "ऐक."

बॉनेट उघडायची गरज पडली नाही. गिअरबॉक्सच्या बाजूने बोथट खट्‌खट् येत होती, बंद दारावर कुणी मुठीने ठोकावं तशी. बाईंनी क्लच दाबला. आवाज जवळजवळ गेला. सोडला, परत सुरू. असं त्यांनी तीन वेळा करून दाखवलं. पस्तीस वर्षं वर्गात पाढे ऐकलेला कान तो, चूक कुठे येते ते त्यांनी बरोबर पकडलं होतं.

"अजून सहा महिने पण झाले नाहीत रे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता आणि तेच मला जास्त लागलं.

क्लच मीच बदलला होता, माझ्याच पिटवर, गणपतीच्या चार दिवस आधी. फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या क्रँकला, त्याच्या मुख्य फिरत्या दांड्याला, मागून बोल्टांनी बसवलेलं जड चाक. क्लच त्याच्यावरच बसतो. त्या कामात फ्लायव्हीलचे सहाही जुने बोल्ट मी परत वापरले. का वापरले, कसे आवळले, पाच महिन्यांनी खोलल्यावर काय दिसलं, ते सगळं इथे झालं तसं लिहितो. क्लचचं काम करणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल, करून घेणाऱ्यांनाही होईल.

गणपतीच्या आधीचे चार दिवस

गाडी डिझेल सेडान. युरोपीय बनावटीचं १.६ लिटरचं इंजिन, ड्युअल मास (दोन भागांचं, आत स्प्रिंगा असलेलं) फ्लायव्हील, पळालेली ९२ हजार किलोमीटर. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. घर मालवण तालुक्यात, वाडीच्या अगदी वरच्या अंगाला. शेवटचा चढ जांभ्याचा, पावसात शेवाळ धरून निसरडा होणारा. तिथे हाफ क्लचवर गाडी तोलत नेण्यावाचून इलाज नाही. शिवाय बहिणीच्या उपचारांसाठी महिन्यातून दोनदा फोंडा घाट चढून कोल्हापूर. एवढ्यात पहिली क्लच प्लेट ९२ हजार टिकली, हेच मी पुष्कळ मानतो.

तेव्हाची तक्रार सरळ होती. घाटात इंजिनचा आवाज चढतो, गाडी मात्र चढत नाही, आणि थांबल्यावर जळका वास. गिअरबॉक्स खाली घेतला. प्लेटचं लायनिंग रिव्हेटपर्यंत गेलेलं. बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, तळाशी तेलाचा ओशट थर होता, म्हणजे इंजिनचं तेल अडवणारं क्रँकचं मागचं सीलही पाझरत होतं. सील बदलायचं तर फ्लायव्हील काढावंच लागतं. नाहीतर मी त्याला हात लावला नसता. ते हाताने फिरवून आणि हलवून पाहिलं, त्याची खेळ (मोकळी हालचाल) मर्यादेत होती, म्हणून तेच परत बसवायचं ठरवलं.

सील कणकवलीत मिळालं. बोल्ट मिळाले नाहीत.

कंपनीच्या दुरुस्तीपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे की फ्लायव्हीलचे बोल्ट एकदा काढले की नवे घालायचे. ते मला माहीत होतं. कोल्हापूरला फोन केला. दुकानदार म्हणाला, संच आहे, आज पार्सल टाकतो, पण चाकरमान्यांची गर्दी सुरू झालीय, एसटीतून कधी हातात पडेल सांगत नाही. इकडे बाईंचा मुलगा मुंबईहून सहकुटुंब कणकवली स्टेशनवर उतरणार, घरी पाच दिवसांचा गणपती, आणि गाडी माझ्या पिटवर दोन तुकड्यांत.

माझ्याकडे काम करणारे काका माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांनी एक बोल्ट उजेडात फिरवून बघितला. "आटे बरे आसत, डोक्यां बरी आसत. घालूया परत, काय होवचा नाय."

दिसायला बोल्ट खरंच चांगले होते. मी हो म्हटलं.

पुढचं नीट सांगतो, कारण सगळं प्रकरण या अर्ध्या तासात घडलं. बोल्टांच्या आट्यांवर कंपनीने दिलेला हिरवट सुका लेप होता. हा लेप बोल्ट पहिल्यांदा आवळताना फुटतो आणि आट्यांत घट्ट होतो, तोच पकड धरतो आणि तेलही अडवतो. एकदाचंच काम त्याचं. मी तारेच्या ब्रशने तो घासून काढला, बोल्ट पेट्रोलने धुतले, बाटलीतल्या थ्रेडलॉकरचे, म्हणजे आटे चिकटवायच्या द्रवाचे, दोन-दोन थेंब टाकले. क्रँकची भोकं मात्र फक्त फडक्याने पुसली. आत जुन्या लेपाचे कण होते, थोडं तेलही होतं.

आवळायचा आकडा असा की आधी ६० न्यूटन-मीटर, म्हणजे आपल्या बोलीत सहा किलो, आणि त्यानंतर आणखी ९० अंश वळवायचं. ६० पर्यंत सगळे बोल्ट व्यवस्थित आले. नंतर लांब दांडी लावून पाव फेरा द्यायला लागलो. चार बोल्ट पूर्ण वळले. पाचव्याला साधारण अर्ध्यावर आलो आणि हाताला काहीतरी वेगळं लागलं. बोल्ट वळत होता, पण जड होत नव्हता. ज्याने आयुष्यात एकदा तरी बोल्ट तोडलाय त्याला हे मऊपण ओळखीचं असतं. क्रँकमध्ये बोल्ट तुटला तर चतुर्थीला गाडी काय, दिवाळीलाही देता येणार नाही, हा विचार मनात आला आणि मी तिथेच थांबलो. सहाव्यालाही तसंच केलं.

पूर्ण वळवलेल्या बोल्टवर पांढऱ्या रंगाचा टिपका द्यायची माझी पहिल्यापासूनची सवय. चौघांवर दिला. दोघांवर दिला नाही. चहा झाल्यावर बघू म्हटलं, आणि चहा होईस्तो काकांनी वरून क्लचची प्रेशर प्लेट चढवली होती, बोल्ट झाकले गेले होते.

गाडी वेळेवर गेली. क्लच लोण्यासारखा झाला म्हणून बाईंनी घरच्या मोदकांचा डबा पाठवला.

आवाज कुठला

फेब्रुवारीत गाडी माझ्याकडे येण्याआधी बाईंनी आणखी दोन ठिकाणी आवाज ऐकवला होता. एकाने फ्लायव्हील गेलं सांगितलं, दुसऱ्याने इंजिनची बेअरिंगं. दोन्ही चुकीची म्हणता येत नाहीत, कारण हे आवाज खरोखर भावंडांसारखे असतात. ड्युअल मास फ्लायव्हीलच्या आतल्या स्प्रिंगा दमल्या की संथ गतीवर आणि इंजिन बंद करताना खडखड होते. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं तर इंजिनवर भार आला की ठोके वाढतात. रिलीज बेअरिंग क्लच दाबल्यावर बोलायला लागतं.

इथे उलटं होतं, क्लच दाबल्यावर आवाज गप्प होत होता. त्याचा अर्थ लावून बघा. पॅडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्या इंजिनच्या दिशेने ढकलतं. तो जोर फ्लायव्हीलवर येतो आणि फ्लायव्हील क्रँकच्या तोंडावर दाबलं जातं. म्हणजे दाबल्याने जर आवाज थांबतोय, तर न दाबता फ्लायव्हील क्रँकवर पुरतं बसलेलं नाही. रॉडच्या बेअरिंगला तुम्ही क्लच दाबलात की सोडलात याने असा फरक पडत नाही.

खात्रीसाठी स्टार्टर उतरवला. त्या भोकातून मोठा स्क्रू-ड्रायव्हर घालून फ्लायव्हील मागे-पुढे ढकलून पाहिलं. त्याच वेळी बारक्याला, गॅरेजातल्या पोराला, क्रँकच्या पुढच्या पुलीवर बोट ठेवून बसवलं होतं. हे करायला विसरू नये, कारण क्रँकलाही स्वतःची थोडी खेळ असते आणि तीच आपण बोल्टांच्या नावावर मांडतो. पुली हलली तर क्रँक हलतोय. बारक्या म्हणाला, "दादा, हय काय हलाक नाय." माझ्या हाताखाली मात्र फ्लायव्हील केसभर सरकत होतं.

तेव्हाच मला तो पांढरा टिपका आठवला.

खोलल्यावर

गिअरबॉक्स दुपारपर्यंत खाली आला. प्रेशर प्लेट काढली, तिचे बोल्ट सगळे घट्ट होते. त्यांच्याकडे नंतर येतो.

क्लच प्लेट निघाली आणि फ्लायव्हीलचा मधला भाग दिसला. दोन बोल्टांच्या डोक्यांभोवती तांबूस लगदा जमला होता. बारक्या म्हणाला, "धूळ आसा ती, जांभ्याची." रंग तंतोतंत तोच, आपल्या रस्त्यावर सगळ्या गाड्यांच्या पोटाला लागलेला असतो तो. पण बेल हाउसिंगच्या आत, बोल्टाच्या डोक्याखालून बाहेर आलेली धूळ रस्त्यावरची नसते. दोन घट्ट दाबलेले लोखंडी पृष्ठभाग एकमेकांवर अगदी सूक्ष्म घासायला लागले की झिजलेले कण लगेच गंजतात आणि त्यांची लाल पूड होते. त्यात तेल मिसळलं की असा लगदा होतो. बोटाने चोळला तर मातीसारखा खरखरीत लागत नाही, पिठासारखा मऊ लागतो. फ्लायव्हीलच्या बोल्टाभोवती ही लाली दिसली तर बोल्ट घट्ट आहे की नाही हा प्रश्न विचारायचंही कारण उरत नाही.

बोल्ट काढताना प्रत्येकाला सुटायला किती जोर लागतो ते टॉर्क पान्यावर, म्हणजे वळवण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्यावर, पाहिलं. चार बोल्टांनी चांगला विरोध केला, दांडी लावावी लागली. टिपका असलेले चार. उरलेल्यांतला एक वीस न्यूटन-मीटरलाही टिकला नाही. दुसऱ्यावर गोटी चढवली आणि रॅचेट नुसत्या मनगटाने फिरलं.

मग सहाही बोल्ट टेबलावर उभे केले. या वेळी नवा संच आधी मागवला होता, त्यातला एक शेजारी ठेवला. व्हर्नियरने लांबी मोजली. नवे सगळे एकसारखे. टिपक्याचे चार जुने नव्यापेक्षा ०.४ ते ०.५ मिलिमीटर लांब. बिनटिपक्याचे दोन सुमारे ०.२ ने लांब. टिपक्याच्या एका बोल्टला तर आटे संपतात तिथे बारीक कंबर आली होती. उजेडात धरून नख फिरवलं तरच कळत होती. काका बराच वेळ तो बोल्ट हातात घेऊन बसले.

फ्लायव्हीलची दोन भोकं अंडाकृती झाली होती. म्हणजे ते गेलं. क्रँकच्या तोंडावर त्या दोन भोकांभोवती घासल्याचे डाग होते, पण खड्डा नव्हता. तेलदगडाने हलक्या हाताने डाग उतरवले, कुडाळ एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरकडून डायल गेज आणून क्रँकचं तोंड तपासलं. आटेही शाबूत होते. क्रँकवर निभावलं हे बाईंचं आणि माझं दोघांचं नशीब.

बोल्ट ताणला जातो म्हणजे काय

आधी मी सोपा निष्कर्ष काढला होता: जुने बोल्ट कमकुवत झालेले, म्हणून सुटले. टेबलावरचे सहा बोल्ट ते सांगत नव्हते. सगळ्यात जास्त ताणलेले चार टिकले होते आणि कमी ताणलेले दोन सुटले होते. तिथे मला पुन्हा विचार करावा लागला.

बोल्ट ही एक ताठ स्प्रिंग आहे. आवळताना आपण ती ताणतो, ती आखडायला बघते, आणि त्या आखडण्याने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. या गाडीवर १० मिलिमीटरचे, १०.९ दर्जाचे बोल्ट आहेत. त्या आकड्याचा अर्थ, तुटण्याची ताकद चौरस मिलिमीटरला १००० न्यूटनच्या घरात आणि कायमचं ताणलं जाण्याची हद्द तिच्या ९० टक्क्यांवर. असा एक बोल्ट पूर्ण ताणावर साडेचार-पाच टनांच्या घरात दाब देतो. सहांचा मिळून पंचवीस-तीस टन. इंजिनचा जोर बोल्टांच्या दांड्यांवरून चाकांकडे जातो असं आपल्याला वाटतं, पण तो जातो या दाबाखाली चिकटून बसलेल्या दोन सपाट तोंडांच्या घर्षणातून. डिझेल इंजिनात तो जोर एकसारखा नसतो, प्रत्येक स्फोटाला हिसका बसतो. दाब पुरेसा असेल तर तोंडं हलत नाहीत. दाब कमी पडला की ती सरकायला लागतात, केसाच्या शंभराव्या भागाने का होईना. आडवं सरकणंच बोल्टाला उलटा फिरवतं. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने हे यंत्रावर करून दाखवलं होतं: आडव्या हालचालीने चांगला आवळलेला बोल्टही आपोआप सुटत जातो. साधा स्प्रिंग वॉशर घालून ते थांबत नाही. बारक्याने लगेच स्प्रिंग वॉशरच सुचवला होता, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता पान्याचा जोर. टॉर्क पान्यावर जो आकडा दिसतो त्यातला ढोबळमानाने निम्मा बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात. बोल्ट ताणायला उरतात दहा टक्के. आटे मळलेले, जुन्या लेपाचे कण अडकलेले असतील तर ६० चा आकडा लागतो खरा, पण बोल्ट ताणलेला नसतो. तेल असेल तर उलट होतं, त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. कंपन्यांनी अंशांची पद्धत आणली ती या बेभरवशापायी. थोड्या टॉर्कने भाग टेकवायचे आणि मग ठरावीक कोनात वळवायचं. आटे ठरलेल्या अंतराचे असल्यामुळे पाव फेऱ्याला बोल्ट किती ताणायचा ते घर्षणावर अवलंबून राहत नाही. या पद्धतीत बरेच बोल्ट मुद्दाम कायमचं ताणलं जाण्याच्या हद्दीपर्यंत किंवा तिच्या किंचित पलीकडे नेतात, कारण तिथे दाब सगळ्यात जास्त आणि सगळ्या बोल्टांवर जवळजवळ सारखा मिळतो.

आणि त्या हद्दीवर बोल्ट हाताला मऊच लागतो. नवासुद्धा. वळतो, पण जड होत नाही. तो मऊपणा म्हणजे बोल्ट हवा तिथे पोचल्याची खूण होती आणि मी तिला तुटण्याची खूण समजलो. नवा बोल्ट असता तर मी निर्धास्त होऊन पाव फेरा पुरा केला असता. हे जुने होते, एकदा ताणलेले होते, किती शिल्लक आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून हात कचरला. त्यातून दोन बोल्ट अर्धे ताणलेले राहिले आणि मळलेल्या आट्यांनी उरलेला ताणही खाल्ला.

म्हणजे या गाडीत पोलादाने दगा दिला नाही. माझा त्या पोलादावर भरवसा नव्हता, त्याने दगा दिला. पण म्हणून जुने बोल्ट बेधडक पूर्ण वळवावेत असं कुणी यातून घेऊ नये. त्या चारांतल्या एकाला कंबर आली होती. अशी कंबर आली की पुढचा ताण सगळा तिथेच एकवटतो. आणखी एकदा वळवला असता तर तो पान्याखाली तुटला असता की घाटात, हे बाहेरून बघून कुणाला सांगता आलं असतं? काकांना नाही, मला नाही, व्हर्नियरलाही नाही.

तेलाचं वेगळं

बेल हाउसिंगमध्ये परत तेल होतं. नवीन सील खराब निघालं म्हणून मी दुकानदाराला फोन करायच्याच बेतात होतो. पुसून पाहिलं तर सीलची कड कोरडी. तेल बोल्टांच्या भोकांतून येत होतं. या क्रँकची भोकं आत आरपार आहेत, पलीकडे इंजिनचं तेल. कंपनीचा लेप ते अडवतो. मी तो घासून काढला होता आणि तेलकट आट्यांवर बाटलीतला थ्रेडलॉकर नीट धरत नाही. क्लच प्लेटवर तेलाचे शिंतोडे पोचायला लागले होते. आणखी महिना-दोन महिने गेले असते तर नवी क्लच प्लेटही घसरायला लागली असती. सील बदलून महिन्याभरात परत पाझर दिसला तर सीलला शिव्या देण्याआधी बोल्ट बघा.

प्रेशर प्लेटचे बोल्ट

याच गाडीत, त्याच दिवशी, त्याच हातांनी प्रेशर प्लेटचेही सहा जुने बोल्ट परत घातले होते. ते एकूण एक घट्ट निघाले, डोक्याखाली लाली नाही, लांबीत फरक नाही. ते परत घालण्यात चूक नव्हती.

ते ८ मिलिमीटरचे, ८.८ दर्जाचे साधे बोल्ट. २५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे आणि सोडायचे, अंश नाहीत. त्यांना हद्दीच्या बऱ्याच अलीकडे ताणतात, सोडले की मूळ लांबीवर येतात. या गाडीच्या पुस्तकातही ते बदला असं म्हटलेलं नाही. आटे स्वच्छ, डोकं शाबूत, गंजाने खाल्लेलं नाही, हाताने शेवटपर्यंत फिरतो, एवढं बघून परत घालावेत. त्यांची काळजी निराळी आहे. समोरासमोरचे, थोडेथोडे करत, सगळे सारखे आवळायचे. एका बाजूने पूर्ण आवळत गेलं की प्रेशर प्लेटचं कव्हर वाकतं आणि क्लच सोडताना गाडी थरथरते. एअर गन तर तिथे लावूच नये. काही गाड्यांवर याही बोल्टांना लेप असतो आणि नवेच घाला अशी सूचना असते. तिथे नवेच घालावेत.

"क्लचचे बोल्ट बदलायचे का" असं गिऱ्हाईक एका दमात विचारतं आणि आपणही एका दमात उत्तर देतो. हे दोन वेगवेगळे बोल्ट आहेत. काकांचं म्हणणंही त्यांच्या काळापुरतं खोटं नव्हतं. जुन्या बऱ्याच गाड्यांवर फ्लायव्हीलचे बोल्ट नुसत्या टॉर्कवर असायचे, खाली वाकवायची लॉक पट्टी असायची. पट्टी नवी घातली की बोल्ट जुने चालायचे. त्यांचा हात त्या गाड्यांवर बसला. आवळण्याच्या आकड्यापुढे अंश लिहिलेले दिसले की तो हात थांबवायचा, एवढं आता गॅरेजात फळ्यावर लिहून ठेवलंय.

किनाऱ्यावरच्यांसाठी आणखी एक. खाऱ्या हवेत डब्यातले बोल्ट महिन्याभरात गंज धरतात, आणि गंज उतरवायला ते ॲसिडमध्ये टाकायची रीत आपल्याकडे सर्रास आहे. मीही टाकायचो. उच्च दर्जाच्या कडक पोलादात ॲसिडमुळे हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो. आवळताना काही कळत नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी डोकं तडकून उडतं. १२.९ ला हा धोका सगळ्यात जास्त. १०.९ लाही मी आता ॲसिड दाखवत नाही. गंजलेला फ्लायव्हीलचा बोल्ट सरळ भंगारात.

दुसऱ्यांदा बसवताना

भोकांतले जुने लेपाचे कण काढायला नवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) वापरला नाही. कापणारा टॅप चांगल्या आट्यांचंही लोखंड तासतो. टेबलावरच्या जुन्या बोल्टांतला एक घेतला, हॅकसॉने त्याला उभ्या तीन खाचा पाडल्या, कडा कानसेने मोडल्या आणि तो हाताने भोकांतून फिरवला. खाचांत हिरवट भुसा भरून आला. प्रत्येक भोकातून चमचाभर नाही, पण चिमूटभर नक्की. गणपतीत हाच भुसा आत होता. मग ब्रेक क्लीनर, कोरडं फडकं, कापसाची काडी. काडी स्वच्छ येईपर्यंत.

नवं फ्लायव्हील, नवे बोल्ट, त्यांच्यावर कोरडा लेप जसाच्या तसा. हाताने टेकवले, समोरासमोर ६० न्यूटन-मीटर, मग ९० अंश. या बोल्टांचं डोकं बारा टोकांचं आहे, त्यामुळे तीन टोकं सरकली की ९० अंश होतात. गेज नसलं तरी रंगाच्या रेघेने काम होतं. अर्ध्यावर परत तो मऊपणा लागला. मी थांबलो नाही. सहाही टिपके काकांनी दिले.

पैशांचं सांगतो. बोल्टांचा संच साडेसहाशे रुपयांना पडला. फ्लायव्हील तीस हजारांच्या वर. मजुरी मी घेतली नाही आणि फ्लायव्हीलचा निम्मा खर्च उचलला. खरं तर सगळाच उचलायला हवा होता, पण तेवढे नव्हते. बाईंना मी सहा जुने बोल्ट आणि एक नवा शेजारी ठेवून सगळं दाखवलं, टिपक्यांसकट. त्यांनी चष्मा लावून कंबर आलेला बोल्ट बघितला आणि विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस? मी रिक्षाने आणलं असतं मुलाला."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. गाडी द्यायची घाई त्यांना आहे असं मी धरून चाललो होतो.

मी बदललं ते एवढंच की बोल्टांचा निर्णय आता गिअरबॉक्स उतरवायच्या आधी होतो. एकदा गिअरबॉक्स जमिनीवर आला आणि भाग घाटापलीकडे असला की कुठलाही मिस्त्री जुने बोल्ट उजेडात फिरवून बघतो, आणि तेव्हा ते चांगलेच दिसतात. म्हणून क्लचचं काम आलं की आधी चासी नंबर घेतो, फ्लायव्हीलचे बोल्ट आणि मागचं सील क्लच किटबरोबरच मागवतो. सील लागलं नाही तर फ्लायव्हीलला हात लावत नाही, बोल्टांचं पाकीट न फोडता परत जातं.

परवा देवगडहून एकाचा फोन आला. आंब्याच्या पेट्या सुरू व्हायच्या आत क्लच करून हवा, उद्याच गाडी आणतो म्हणाला. गाडी आज आणू नका म्हटलं, चासी नंबर पाठवा. बोल्ट कोल्हापुरातून बुधवारी येतील, गाडी गुरुवारी आणा.